गुन्वोरचे शनिवार

स्कार्वनेसच्या चर्चचा मनोरा आज पुन्हा सरळ उभा आहे. तरी पश्चिमेचा वारा सुटला की त्याची घंटा कुणी दोर न ओढता वाजते, आणि मग गावातली माणसं एकमेकांची नजर चुकवून कॉफीच्या पेल्यात बघत बसतात. याला गुन्वोर जबाबदार आहे. म्हणजे तिनं घंटेला बोटही लावलेलं नाही. तिनं फक्त चित्र काढलं.

गुन्वोरनं उभी हयात खाडीच्या आरपार फेरीबोट चालवली. धुकं असो, बर्फाचा मारा असो, तिची बोट सुतावर ओढल्यासारखी पलीकडच्या धक्क्याला लागायची. निवृत्त झाल्यावर तिनं कुंचला हातात घेतला आणि तिला कळलं की कागदावर आपल्याला एक रेघ धड ओढता येत नाही. दर गुरुवारी ती पलीकडच्या शहरात सिवर्ट मास्तरांच्या वर्गाला जायची. सिवर्ट तिथल्या चित्रकार मंडळाचे प्रमुख. टोकदार पांढरी दाढी, आणि बोलताना ती दाढी समोरच्याच्या छातीत खुपसायची सवय. मंडळाच्या शरदातल्या प्रदर्शनात आपलं एक चित्र लागावं, एवढंच गुन्वोरला हवं होतं.

"तुम्ही आयुष्यभर फक्त पलीकडचा धक्का पाहिलात," मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "मधलं काही पाहिलंच नाही. तुम्हाला डोळे नाहीत, गुन्वोर. दिशा आहे."

वर्ग हसला. गुन्वोरचे कान तापले.

"मग डोळे कुठे मिळतात ते सांगा."

"वर्षभर दर शनिवारी एक चित्र. उघड्यावर बसून, समोर दिसतं ते. आणि ते गावाला दिसेल असं लावायचं. वर्ष संपलं की मी येईन, तुमची चित्रं घेऊन त्या त्या जागी उभा राहीन. समोरच्याशी जुळली तर मंडळात या. नाही जुळली तर विणकाम चांगलं असतं."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. ओडमुंड सुतार. लाकडाशी दिवसभर बोलायचा, माणसांसाठी शब्द जपून ठेवायचा.

"वर्षभर?" तो म्हणाला.

"वर्षभर."

"थंडीत?"

"थंडीतसुद्धा."

"बरं."

त्या आठवड्यातलं त्यांचं ते सर्वांत लांबलचक संभाषण.

पहिलं चित्र टॉर्मोडच्या बोटघराचं. टॉर्मोड म्हणजे शेजारचा कोळी, गावात सर्वांत देखण्या मिशीचा मालक. बोटघराचं छप्पर कागदावर उतरता उतरता डावीकडे असं खचलं की दमलेल्या गाईची पाठ वाटावी. तरी गुन्वोरनं ते योरुनच्या दुकानाच्या काचेत लावलं. दुकानात परगावचं एक जोडपं माशाचे वडे घ्यायला आलं होतं. बाई चित्र बघून फिस्सकन हसली. "हे इथलं नसणार. असलं छप्पर असतं तर ते बोटघर केव्हाच खाडीत गेलं असतं."

गुन्वोर पिठाच्या पोत्यांआड उभी होती. ते जोडपं जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. योरुननं तिच्याकडे पाहिलं, टॉर्मोडनं पाहिलं, आणि कुणी काही बोललं नाही. स्कार्वनेसमध्ये तोंडावर कुणी कुणाची निंदा करत नाही, आणि स्तुती तर त्याहून नाही. बुडत्या माणसाला केसाला धरून वर काढलं, तर किनाऱ्यावरचे लोक फार तर म्हणतात, "वाईट नाही." त्याच्यावर मोठा शब्द इथं कुणाला माहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी ती नव्या चित्राची जागा शोधायला निघाली आणि बोटघरापाशी तिचे पाय खिळले. छप्पर डावीकडे खचलं होतं. दमलेल्या गाईच्या पाठीसारखं. तिच्या कागदावर तिसरं कौल काढायचं राहिलं होतं, तर इथंही नेमकं तिसरंच गायब.

"टॉर्मोड! छपराला काय झालं?"

"कुठल्या?" टॉर्मोड जाळं विणत बसला होता.

"तुझ्या! हे बघ की!"

त्यानं मान वर केली, मिशीला पीळ दिला. "पहिल्यापासून असंच आहे."

"अरे, मी उभा जन्म इथून बोट नेली!"

"तेव्हा तू पलीकडचा धक्का बघत होतीस."

ती मटकन दगडावर बसली. मास्तरही हेच म्हणाले होते! म्हणजे छप्पर मुळातच वाकडं होतं, आणि सगळ्या गावात ते दिसलं फक्त तिला, तेही पहिल्या शनिवारी. डोळे उघडतात ते असे? घरी जाईपर्यंत ती जवळजवळ नाचत होती.

हा आनंद जानेवारीपर्यंत टिकला.

जानेवारीत चित्र काढताना पाणी कागदावरच गोठतं आणि रंगाला बर्फाची फुलं येतात. त्यावर मंडळातल्या जुन्या लोकांचा उपाय असा की पाण्यात बटाट्याची कडक दारू घालायची. गुन्वोरनं ती घातली. चित्रकारालाही थंडी वाजतेच, म्हणून थोडी स्वतःलाही घातली. त्या शनिवारी चर्चचा मनोरा आरामात एका कुशीवर कलला. त्यात लाल रंगाची नळी गोठून दगड झालेली, म्हणून शेजारचं योरुनचं लालभडक घर तिनं पिवळं रंगवून टाकलं. नंतर बघू, असं म्हणून.

नंतर बघितलं, आणि तिच्या हातातून पेटी निसटली. योरुनचं घर पिवळं होतं. आणि मनोरा, जो बांधल्यापासून देवाकडे बोट दाखवत उभा होता, तो आता जरा बाजूला, टॉर्मोडच्या गोठ्याकडे बोट दाखवत होता.

या खेपेला तिला आनंद झाला नाही. ती घराकडे पळत सुटली.

"ओडमुंड," ती धापा टाकत घरात शिरली, "मनोरा कललाय."

"हं."

"मी काढल्यावर कललाय!"

"लाकूड आहे. लाकूड हलतं."

"आणि योरुनचं घर? तेही हललं? लालातून पिवळ्यात?"

ओडमुंडनं तिच्यासमोर पेला सरकवला. "कॉफी घे."

त्याच्या नखाच्या कडेला काहीतरी पिवळं होतं. मोहरीची चटणी असेल, असं तिला वाटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं. पाद्रीबुवा महिन्यातून एकदा नावेनं यायचे. त्यांनी मनोऱ्याकडे बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि प्रवचन आटोपून शहरात थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

मार्चमध्ये तिनं जाळं विणणारा टॉर्मोड काढला. चेहरा बरा जमत होता, तेवढ्यात वितळत्या बर्फाचा एक टपोरा थेंब कागदावर पडला आणि मिशी वाहून गेली. पुढच्या आठवड्यात ती दुकानात दूध घेत होती. दार उघडून एक गुळगुळीत ओठांचा अनोळखी माणूस आत आला आणि टॉर्मोडच्या आवाजात म्हणाला, "तंबाखू दे गं, योरुन."

दुधाची बाटली फरशीवर फुटली.

"मिशी!" गुन्वोर किंचाळली.

"कसली मिशी?" टॉर्मोड म्हणाला. पण त्याचा हात सवयीनं ओठाकडे गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून गुन्वोरला आपल्या कुंचल्याची धास्ती बसली. तिनं माणसं काढणं बंद केलं. ओडमुंड बाकावर झोपला होता, छान उजेड पडला होता, तरी तिची हिंमत झाली नाही. चुकून एखादा कान राहिला तर? तिच्या मनानं घेतलं की आपल्या हाताला काहीतरी बाधा झाली आहे. आपण बघत नाही आहोत, आपण घडवत आहोत. आणि घडवतोय ते वाकडं!

जूनमध्ये तिनं मुद्दाम निरुपद्रवी विषय घेतला. कुरणात उभी असलेली टॉर्मोडची घोडी, ब्लेसा. पोट झालं, मान झाली, तीन पाय झाले, आणि गारांचा असा मारा आला की ती पेटी डोक्यावर घेऊन पळत सुटली. घरी पोहोचल्यावर कळलं. चौथा पाय राहिला. पण शनिवार म्हणजे शनिवार. चित्र काचेत लागलं.

तो आठवडा तिला झोप आली नाही. शुक्रवारी ती डोळे मिटून कुरणाच्या कुंपणापाशी गेली, मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि डोळे उघडले. हिरव्यागार गवतात ब्लेसा शांतपणे चरत होती. तीन पायांवर.

गुन्वोर तशीच वळली आणि दुकानात जाऊन पिंपावर बसली.

"मी सोडलं," ती म्हणाली. "चित्रं, मंडळ, सगळं. माझ्या हातून एक मुकं जनावर अधू झालं."

योरुनचा चेहराच उतरला. "सोडतेस? आता? अगं, तळघरात हिरव्या लोकरीचे अजून..." आणि तिला एकदम ठसका लागला. ठसका फारच लांबला.

गुन्वोर फेरीबोटीवर वाढलेली. धुक्यात भोंगा कुठून वाजतो ते तिला बरोबर कळायचं. तिनं योरुनकडे पाहिलं, खिडकीतून दिसणाऱ्या पिवळ्या घराकडे पाहिलं आणि ती उठून घरी गेली.

पुढचा बराच काळ तिनं सोपी चित्रं काढली. दगड, समुद्र, दगड. वर्ष संपत आलं तेव्हा तिनं एक चित्र असं काढलं की त्यात चूक म्हणून काही घुसवायची गरजच नव्हती. सबंध चित्रच चूक होतं. गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर, ढगाला टेकून, टॉर्मोडच्या बापाची जुनी मासेमारीची अवजड नाव. ते चित्र काचेत लागलं तेव्हा दुकानासमोर गर्दी झाली. टॉर्मोडनं टेकडीकडे पाहिलं, मग नावेकडे, मग ओडमुंडकडे. ओडमुंडनं डोकं खाजवलं.

गुरुवारी गुन्वोर सगळ्यांदेखत फेरीबोटीत चढली. हात हलवला. पण बोट भूशिराच्या आड गेल्यावर बोटीवरच्या तिच्या जुन्या सोबत्यानं तिला खडकाळ धक्क्यावर उतरवलं, आणि ती रंगांची पेटी पाठीला लावून टेकडीच्या मागल्या अंगानं वर चढली.

माथ्यावर येऊन तिनं खाली पाहिलं.

सबंध गाव दोराला लागलं होतं. सावड पडली होती, म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांचे हात. बंधारा फुटला किंवा शाळेचं छप्पर उडालं की स्कार्वनेसमध्ये सावड पडते, तशीच, तेवढीच गंभीर. लाकडी ओंडक्यांवरून नाव इंच इंच वर येत होती. सर्वांत पुढे ब्लेसा ओढत होती, चारही पायांवर, आणि एका मागच्या पायात मांडीपर्यंत गवती रंगाचा लोकरी मोजा. टॉर्मोड मागं झुकून दोर ताणत होता. नवी मिशी खुरटी फुटली होती. योरुन टोपली घेऊन वॉफल आणि तपकिरी चीज वाटत होती. आणि मध्ये ओडमुंड, एका हातात गुन्वोरचं चित्र, दुसऱ्या हातात ओळंबा.

"डावीकडे!" तो ओरडत होता. तिचा मुका ओडमुंड! "डावीकडे म्हणतो! तिनं नाक त्या ढगाकडे काढलंय!"

"ढग सरकलाय रे!" कुणीतरी खालून ओरडलं.

"मग लवकर ओढा!"

गुन्वोर उभी राहिली. "हे काय चाललंय?"

दोर हातात तसाच राहून सबंध गाव थिजलं. ब्लेसानं तेवढी शेपटी हलवली.

"सावड," ओडमुंड म्हणाला.

"कसली सावड?"

"शनिवारची."

मग ते एकेक करून बाहेर आलं. मनोऱ्याच्या एका बाजूच्या खुंट्या ओडमुंडनं काढल्या होत्या. योरुननं आपलं घर स्वतः रंगवलं होतं. गवतात पाय दिसू नये म्हणून मोजा चर्चच्या विणकाम मंडळानं विणला होता. सगळं गुरुवारी, ती वर्गाला गेली की.

"पण का?" तिचा आवाज फाटला.

सगळे ओडमुंडकडे बघायला लागले. शेवटी ओडमुंड म्हणाला, "तू त्या पाहुण्यांचं ऐकून पिठाच्या पोत्यांआड लपलीस."

"मग मला सांगायचं, छप्पर चुकलंय म्हणून!"

"चित्र दुरुस्त करायचं आम्हाला कुठे येतं?" तो म्हणाला. "छप्पर येतं."

गुन्वोरला रडावं की दगड फेकून मारावा कळेना. वर्ष गेलं. थंडीत बोटं बधिर झाली. तिला वाटलं होतं आपण बघायला शिकलो, मग वाटलं होतं आपण चेटकीण आहोत, आणि खरं म्हणजे ती काहीच नव्हती. ती चुकत गेली आणि हे सगळे तिच्यामागून जग वाकडं करत गेले. परवा शनिवारी सिवर्ट मास्तर येणार, आणि तिला एवढंही ठाऊक नाही की आपल्याला डोळे आले की नाही!

"ओढा!" ती गरजली. "थांबलात कशाला? ओढा आता!"

गाव एवढं घाबरलं की त्यांनी खरंच ओढायला सुरुवात केली. गुन्वोर दगडावर बसली, पेटी उघडली आणि त्यांच्याकडे रागानं बघत बघत कागदावर तुटून पडली. कोण कसा दिसतो याचा तिनं विचार केला नाही. दोराला वजन आलं की पाठ कुठं वाकते, टाच कुठं रुतते, हे तिला बोटीवरून ठाऊक होतं. आज ते तिला समोर दिसत होतं, आणि हात त्याच्यामागून धावत होता.

शनिवारी मास्तर आले. चित्रांचा गठ्ठा काखेत घेऊन जागोजागी उभे राहिले, अंगठा धरून मापं घेतली. बोटघर जुळलं. पिवळं घर जुळलं. मनोऱ्यापाशी त्यांनी स्वतःची मान वाकडी केली, मग सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली. टेकडीवरची नाव बघून त्यांचा जबडा खाली आला आणि दाढी सदऱ्याला टेकली.

"हुबेहूब," ते पांढऱ्या चेहऱ्यानं म्हणाले. "अगदी हुबेहूब. माझ्या आयुष्यात एवढी नक्कल पाहिली नाही. ना कल्पना, ना धाडस! पण शब्द म्हणजे शब्द. मंडळात स्वागत आहे."

त्यांनी हात पुढे केला. वर्षभर जे हवं होतं ते त्या हातात होतं.

गुन्वोरनं आपले हात पाठीमागे बांधले.

"चित्रं चुकलीत, मास्तर," ती म्हणाली. "गाव नंतर वाकवलंय." आणि तिनं सगळं सांगितलं, मोज्यासकट.

मास्तर ऐकत गेले आणि मग त्यांनी खदाखदा हसायला सुरुवात केली. "मनोरा वाकवला! चित्रासाठी! बाई, थापांना मंडळात जागा नाही." त्यांनी हात मागे घेतला आणि गठ्ठ्यातलं शेवटचं चित्र वर काढलं. ते होतं दोर ओढणाऱ्या गावाचं. "आणि हे तर धडधडीत खोटं. इथं कोण दोर ओढतंय? असं गाव कुठं असतं?"

ओडमुंड पुढे आला. त्यानं मास्तरांच्या हातून चित्र घेतलं. वर्षभर गुन्वोरचं प्रत्येक चित्र त्यानं असंच दोन्ही हातांत धरून पाहिलं होतं, कुठं तासायचं, कुठं ठोकायचं, काय उपटायचं ते हेरत. त्यानं टॉर्मोडची पाठ पाहिली. टाच पाहिली. ताणलेला दोर शेवटपर्यंत पाहिला. मग तो गावाकडे वळला.

"यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

सगळ्यांनी आ वासला. योरुनच्या हातातली टोपली कलंडली. एवढी मोठी स्तुती ओडमुंडनं लग्नातही केली नव्हती.

ओडमुंडनं दोन बोटं ओठांत घालून शीळ मारली. नाव तर खाली आणायचीच होती. गाव टेकडीवर चढलं, दोराला लागलं, आणि टॉर्मोडनं दोराचं उरलेलं टोक कसलाही मुलाहिजा न ठेवता सिवर्ट मास्तरांच्या हातात दिलं. "धरा, मास्तर. सोडलंत तर नाव तुमच्या अंगावर."

मास्तरांनी धरलं. नावेनं उताराला तोंड केलं, दोराला वजन आलं, आणि मास्तरांची पाठ वाकली, टाच मातीत रुतली. त्यांनी कण्हत शेजारी टॉर्मोडकडे पाहिलं. मग दगडावर ठेवलेल्या चित्राकडे. मग पुन्हा टॉर्मोडकडे. असं ते पार पायथ्यापर्यंत बघत राहिले.

खाली आल्यावर त्यांनी सोललेल्या तळव्यांवर फुंकर घातली. "बाकीची जाळून टाका," ते म्हणाले. "हे एक प्रदर्शनाला न्या." आणि कुणाकडेही न बघता, "वाईट नाही."

गुन्वोरनं ते ऐकलं की नाही कळलं नाही, कारण मास्तर दोराला लटकलेले दिसताच तिनं नवा कागद काढला होता. ती आता घाईघाईनं शेवटचा हात फिरवत होती. गाव तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागलं. मास्तर कागदावर बरोबर उतरले होते. पाठ, टाच, डोळ्यांतली भीती, सगळं. फक्त पांढरा रंग संपला होता, म्हणून दाढी तिनं हिरवी केली होती.

गावानं चित्राकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून मास्तरांच्या दाढीकडे पाहिलं.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "असे काय बघताय?"

योरुन टोपली खाली ठेवून दुकानाकडे निघाली होती. मोज्याची लोकर रंगवलेला हिरवा रंग तळघरात बराच उरला होता.